खारं पाणी आमचं, गोडं पाणी कुणाचं?



आमच्या कांजूरमार्ग-भांडुपच्या पट्ट्यात कोकणवासीयांचं एक मंडळ आहे. नाव छापत नाही. अशी मंडळं गल्लोगल्ली आहेत, एकाला धरून दुसऱ्याला सोडायचं कशाला? दरवर्षी ते स्मरणिका काढतात. मागं त्यांचा एक कार्यकर्ता घरी आला. म्हणाला, "काका, तुम्ही बंदरावरचे. बालपणीच्या आठवणी लिहा की. समुद्र, मासळी, होड्या, शिमगा. वाचायला बरं वाटतं लोकांना."

मी लिहिलं. आठ पानं लिहिली. पंधरा दिवसांनी पानं परत आली. वर चिठ्ठी टाचलेली – 'लेखन ओघवते आहे, परंतु कटुता टाळावी. जातीचे उल्लेख काढल्यास छापता येईल.'

मी बसलो आणि जातीचे उल्लेख काढून बघितले. खरंच बघितले. काय उरलं? भरती उरली, ओहोटी उरली, दोन नारळ उरले. माझी आजी गेली, बाप गेला, वाडी गेली, विहीर गेली. म्हणजे मीच गेलो. माझ्या बालपणातून जात काढायची तर मलाच उचलून बाहेर ठेवावं लागतं. गावानं तेच केलं होतं. आता स्मरणिकाही तेच करायला सांगते. म्हणून ते सगळं इथं लिहितोय.

आधी यांच्या आठवणी कशा असतात ते बघा. तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचल्यात, दिवाळी अंकात वाचल्यात, आता मोबाईलवर बघता. कौलारू घर. मागं वाडी. वाडीत माड, पोफळी, रातांबे. सकाळी दारात ताजी फडफडीत मासळी येते. आजी अंगणात शेणसडा घालते. काय सुंदर! पण वाडीला पाणी कुणी शिंपलं? माडावर कोण चढलं? सडा घालायचं शेण कुणी गोळा केलं? आणि मासळी दारात येते म्हणजे काय? तिला काय पाय फुटलेत? ती कुणाच्या तरी डोक्यावर बसून आली. त्या डोक्याचं नाव त्यांच्या आठवणीत नाही. ते डोकं माझ्या आजीचं.

आमचं गाव दाभोळच्या खाडीवरलं. वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथून थोडं आत. माझा जन्म १९४९ चा. १९६२ साली बापानं मुंबईला आणलं. तेरा वर्षं मी त्या काठावर काढली.

मचवे यायचे ते भरतीचा हिशेब धरून. ओहोटी लागली की चिखलात रुतायचे, मग लांबच उभे राहायचे. पाटी वाहणारी माणसं कमरेएवढ्या पाण्यात जायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. पाटीतून मासळीचं पाणी गळायचं ते कपाळावरून डोळ्यांत, मानेवरून पाठीत. आजीच्या मानेला बारा महिने खरूज. काठावर लिलाव, लिलावानंतर पाटी पुन्हा डोक्यावर, आणि चढण चढून बाजारात. मजुरी म्हणून कधी आणे, कधी वाटा. वाटा म्हणजे मोठी मासळी नव्हे. तळाला चेपलेली, शेपटी तुटलेली, कोणी घेत नाही ती. तीच आमच्या चुलीवर. राहिली तर मीठ लावून छपरावर. पावसाळ्यात त्या सुकटीवरच घर जगायचं.

आता नीट ऐका. ती पाटी बाजारात उतरली की मासळीला विटाळ नसायचा. महाराच्या डोक्यावरून आली, महाराच्या घामात भिजली, तरी ती स्वच्छ. ती धुवायची, शिजवायची, खायची आणि ढेकर द्यायचा. पण त्याच आजीनं पाटी उतरवल्यावर पाणी मागितलं तर? "ओंजळ धर." आणि वरून धार. भांड्याला हात लावायचा नाही. मासळीला चालतो तो हात पाण्याला चालत नाही. हा कुठला धर्म? हा धर्म नाही, हा हिशेब आहे. ज्याच्याशिवाय तुमचं पोट भरत नाही तिथं विटाळ नाही. ज्यानं आमची मान ताठ होईल तिथं विटाळ आहे.

आमच्या वाडीची विहीर खाडीच्या अंगाला. मार्ग महिन्यापर्यंत बरी. शिमग्यानंतर मचूळ व्हायची. वैशाखात तर भात शिजवला तरी खारट. गोडं पाणी वर, गावात. बाया हंडे घेऊन गावच्या विहिरीखाली बसायच्या. वर यायचं नाही. कोणी दयाळू आली तर ओतून द्यायची. नाही आली तर ऊन डोक्यावर. मी आईबरोबर बसलोय. आईचा हंडा भरत नाही तोवर खडे मोजायचो. घटनेचं १७ वं कलम १९५० पासून लागू. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ चा. मी खडे मोजत होतो ते १९५८ साल. कायदा दिल्लीहून निघाला होता, विहिरीपर्यंत पोचायचा होता.

म्हणून मी म्हणतो, समुद्र कुणी बाटवला नाही. समुद्रात आम्ही पोहलो, बुडालो, कालवं फोडली, चिंबोऱ्या धरल्या, कोणी हाक मारून हाकललं नाही. खाऱ्या पाण्याला शिवाशिव नाही, कारण ते कोणी पीत नाही. गोडं पाणी आलं की जात आली. खारं पाणी आमचं, गोडं पाणी त्यांचं. कोकणाचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो.

कोणी म्हणेल, मग तुझ्या बालपणात आनंद नव्हताच? होता की! नाही कसा? पौर्णिमेची भरती बघितलीय. पहिल्या पावसात खाडीच्या तोंडाशी चढणीचे मासे धरलेत. मुंबईची आगबोट बाहेर उभी राहायची, आणि पडावातून माणसं उतरायची, तेव्हा कुणाचा बाप आला म्हणून आम्ही पोरं काठावर नाचायचो. एक कोळ्याचा पोर माझा जिवलग होता. त्यानं मला वल्हं धरायला शिकवलं. पण त्याच्याच घरी मी पडवीत. त्याची आई प्रेमानं मूठभर मांदेली द्यायची, आणि वरून टाकायची. तिलाही बामणाच्या अंगणात पायरीखाली उभं राहावं लागायचं. ती खालून वर बघताना मान वाकवायची, आणि आमच्याकडं बघताना तीच मान ताठ. बाबासाहेबांनी हिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. पुस्तकात वाचण्याआधी मी ती मांदेलीच्या मुठीत बघितली. माझा राग त्या माउलीवर नाही. पण तिचं वागणं लपवून 'आमच्या बंदरात सगळे गुण्यागोविंदानं राहायचे' असं लिहायला सांगाल तर नाही लिहिणार. आनंद आमचा, पण तो तुमच्या खोटेपणाला तारण नाही ठेवणार.

नागपूरला १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षा झाली. डिसेंबरात बाबासाहेब गेले. पुढल्या वर्षी आमच्या वाडीनं दीक्षा घेतली. आजीनं देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधले आणि खाडीत सोडले. म्हणाली, "एवढी वर्सं मी तुमास्नी पाणी घातलं, मला कुनी घातलं?" मेलेलं ढोर ओढायचं बंद, सांगावा नेणं बंद. मग बंदरावर सांगणं आलं, यांच्या डोक्यावर पाटी द्यायची नाही. एक अख्खा हंगाम दिली नाही. तेव्हा कळलं की पाटी हे आमचं दारिद्र्य होतं आणि तीच आमच्या गळ्यातली दोरीही होती. ती त्यांच्या हातात होती. बाप मुंबईला पळाला तो त्या हंगामात.

आता रमाईबद्दल. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण हा आरसा आपल्याकडंही फिरवायला पाहिजे.

रमाईचं माहेर वणंद, दापोलीजवळ. जन्म ७ फेब्रुवारी १८९८. तिचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात मासळीच्या पाट्या वाहायचे. माझी आजी ज्या खाडीवर पाटी वाहायची, त्याच खाडीवर तिच्या आधी रमाईचा बाप वाहत होता. आईबाप लवकर गेले. पोरं मुंबईला भायखळ्यात आली. १९०६ साली लग्न झालं तेही भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, रात्री. एका कोपऱ्यात नवरीकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात नवऱ्याकडचे. बंदरातून निघालेली पोर बाजारातच बोहल्यावर चढली.

गेल्या काही वर्षांपूर्वी रमाई जयंतीला मला बोलायला बोलावलं. मी हे सांगितलं. पाट्या, चुंबळ, गळणारं पाणी. भाषण संपल्यावर आपलाच एक शिकलेला पोरगा बाजूला घेऊन म्हणतो, "काका, ते मासळीच्या पाट्यांचं नका सांगत जाऊ. बरं वाटत नाही. त्यागमूर्ती म्हणून बोला."

घ्या! स्मरणिकावाले म्हणतात जात काढा. आपला पोरगा म्हणतो पाटी काढा. दोघांनाही वास येतो.

अरे बाबा, त्यागमूर्ती म्हणजे काय? तसबीर. हार घातला, मेणबत्ती लावली, झालं. हमालाची लेक म्हटली की प्रश्न सुरू होतात. हमालाला मजुरी किती मिळत होती? तो इतक्या लवकर का मेला? बंदर कुणाचं होतं? पैसा कुणाकडं गेला? दगडाच्या मूर्तीला कोणी प्रश्न विचारत नाही, म्हणून मूर्ती सगळ्यांना आवडते. तुम्ही रमाईला देवी करा, आणि बघा, उद्या तुमचे शत्रूसुद्धा येऊन हार घालतील. तिच्या बापाची पाटी पुढं ठेवा, मग कोण कोण मागं सरतो ते बघा.

आणि त्या दापोलीच्या मातीतूनच आपला पहिला कागद निघालाय हे किती जणांना माहीत आहे? फौजेतून १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीला राहिले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' छापलं. नावच बघा. विटाळाचं विध्वंसन! बाबासाहेबांच्या जन्माआधी तीन वर्षं. ज्यांच्या आठवणीत कोकण म्हणजे आंबा, काजू आणि माणसांचा गोडवा, त्यांच्या कोकणात हे पुस्तक कुठं बसतं?

महाड घ्या. तेही खाडीकाठचं व्यापारी गाव. बोले यांचा ठराव कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ च्या जानेवारीत तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, काठावर बंद. १९ मार्च १९२७ ला परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींना प्यायला पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी, २० मार्चला, आपली माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्याली. मग काठ्या चालल्या. मग त्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं. शेणानं पाणी शुद्ध होतं आणि माणसानं बाटतं!

डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब कसे गेले? २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीनं. समुद्रमार्गानं. दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून मिरवणुकीनं महाडला पायी. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. म्हणजे ज्या खाऱ्या पाण्यावर आम्हाला अडवणारा कोणी नव्हता, त्या पाण्यावरून ते गोड्या पाण्याचा हक्क मागायला गेले. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं! आणि त्या निकालानंतर एकवीस वर्षांनी मी विहिरीखाली बसून खडे मोजत होतो.

नारळीपोफळीच्या वाड्यांचंही तेच. त्या कुणाच्या होत्या? खोतांच्या. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक बाबासाहेबांनी विधानसभेत मांडलं. कुळवाडी आणि महार मुंबईत मोर्चा घेऊन आले, १९३८ च्या जानेवारीत. खोती कायद्यानं गेली ती १९४९ साली. म्हणून कोणी 'आमची वाडी' म्हणून डोळे पुसायला लागला की विचारा, सातबारावर नाव कुणाचं, आणि त्याआधी घाम कुणाचा?

आता कांजूरला या. कारण काही पोरं म्हणतील, म्हाताऱ्या, हे कोकणातलं जुनं झालं.

१९६२ साली आम्ही इथं आलो तेव्हा रुळाच्या पूर्वेला मिठागरं आणि खाडी. बाप कंपनीत हमाल. झोपडं टाकलं ते खाडीच्या अंगाला. मला पहिल्या रात्री वास आला आणि वाटलं, आपण घरीच आलो. वर, पवईच्या टेकडीला गोडं तळं. खाली, खाजणात आम्ही. बघा, पुन्हा तीच मांडणी! मुंबईनंही आपल्याला मचूळ विहिरीच्या अंगालाच जागा दिली. पाण्याचा नळ अर्ध्या मैलावर, आणि तिथं हंड्यांची तीच रांग.

पुढं त्या खाडीचं काय झालं? मुंबईच्या कचऱ्याचा मोठा भाग आता कांजूरला येऊन पडतो. रात्री वारा फिरला की विक्रोळी, भांडुप, कांजूर खिडक्या लावून घेतं. २०२० साली मेट्रोच्या कारशेडवरून केंद्र आणि राज्य कोर्टात भांडले – मिठागराची जमीन तुझी की माझी? डिसेंबरात हायकोर्टानं काम थांबवलं. २०२५ च्या मे महिन्यात हायकोर्टानं कचऱ्याखालच्या सुमारे १२० हेक्टर जमिनीला संरक्षित वन म्हटलं. मग सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. एवढे वकील उभे राहिले. मिठागरात पाय कुजवलेल्या माणसाचं नाव एकानं तरी घेतलं का? खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याचं? कचरा वेचणाऱ्या आपल्या बायांचं? जमीन मोजतात, माणूस मोजत नाहीत.

आणि कांजूरहून खाली घाटकोपरला गेलं की हायवेलगत रमाबाई नगर. पाटीवाल्याच्या लेकीचं नाव घेऊन उभी राहिलेली वस्ती. ११ जुलै १९९७. पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून माणसं रस्त्यावर आली, आणि राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. आज त्याच वस्तीचा पुनर्विकास चाललाय, कारण मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचाय. घरं मिळोत, चांगली मिळोत, मी त्याच्या आड येत नाही. पण उद्या टॉवर उभे राहतील, आणि कोणीतरी स्मरणिका काढील, आणि गोड आठवणी मागील. तेव्हा त्या दहा जणांचं काय करणार? 'कटुता टाळावी' म्हणून काढणार?

टॉवरवरून आठवलं. माझा मुलगा आता सोसायटीत राहतो. चांगलं आहे, त्याच्यासाठीच मी राबलो. पण घरात सुकट भाजायची नाही. का? शेजारी नाक मुरडतात. मुंबईत मासळी खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. ते नाकारतात त्याचा राग येतोच. पण आपणच आधी खिडकी लावून घेतो, त्याचं काय करायचं? ज्या सुकटीनं तीन पिढ्या पावसाळा काढला तिची लाज? सूट घाला, बाबासाहेबांनी घातला. पण बाबासाहेबांनी ओळख लपवायला सूट घातला नव्हता. ती छातीवर घेऊन उभं राहायला घातला होता.

तेव्हा पोरांनो, मोर्चे काढा, घोषणा द्या, सगळं करा. पण एवढंही करा.

घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापुढं बसा. मोबाईल आहे ना? रील बघायला आहे, तसा आजीचा आवाज धरायलाही आहे. विचारा, कुठलं पाणी प्यायलात? कोण ओतायचं? पाटीला मजुरी किती? दीक्षेनंतर गावानं काय बंद केलं? तारीख आठवत नसेल तर कुठला पाऊस, कुठलं लग्न, त्यावरून साल काढा. लष्करी पेन्शनचे कागद, जुन्या पावत्या, शाळेचे दाखले जपा. रद्दीत देऊ नका. ज्याचा कागद नाही त्याचा इतिहास दुसरा लिहितो, आणि लिहिताना तुम्हाला काढून टाकतो.

गावाला गेलात की देवळाच्या पालखीचे फोटो काढून परत येऊ नका. वाडीची विहीर बघा. नळ कुठवर आलाय बघा. स्मशानाला वाट आहे का बघा. नसेल तर ग्रामसभेत उभे राहा. आठवण म्हणजे नुसतं डोळे मिटून बसणं नव्हे. आठवण म्हणजे थकबाकी. ती वसूल करायची असते.

आणि त्या कोळ्याच्या, आगऱ्याच्या पोराला बरोबर घ्या. त्याची खाडी मरते आहे, त्याला आता कळतंय की पायरीखालचा तोही. त्याच्याशी बोला. पण त्याच्या आईनं वरून टाकलेली मूठही त्याला सांगा. खरं सांगून झालेली मैत्रीच टिकते.

मंडळाला मी उत्तर पाठवलंय. दोनच ओळी. 'जातीचे उल्लेख तुम्ही गावातून काढा. त्या दिवशी मी लेखातून काढतो.'

आजीची चुंबळ माझ्याकडं आहे. जुन्या लुगड्याची, तेल आणि मिठानं कडक झालेली. सून म्हणते, टाकून द्या, वास येतो. येतो खरा. मी ती बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलीय. घरी याल तेव्हा दाखवीन. नाक धरायचं नाही.

जय भीम.